आडवी बाटली आणि माझी हलकी बिअर

माय, मी बिअर बनवते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे अर्धं वाचून झाल्यावर कपाळावर हात मारून घ्यायची पाळी तुझ्यावर येणार नाही. पुण्याला एक लहानसा कारखाना आहे, त्यातल्या स्टीलच्या उंच टाक्या माझ्या ताब्यात आहेत. तू गेलीस तेव्हा मी अमरावतीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते, आणि तोवर तू गावभर सांगत फिरायचीस, पोरगी जंतूंची डॉक्टर होऊन राह्यली. झाली बरं तुझी पोरगी डॉक्टर! फक्त तिचे जंतू साखर खातात आणि बिअर करतात. लाज वाटते का म्हणशील, तर नाही वाटत. हे मी तुझ्याच स्वयंपाकघरात, तुझ्याच पाटावर बसून लिहिते आहे.

तुला मोहाच्या भट्टीचा दिवस आठवतो का? मला तर आता होऊन राहिल्यासारखा दिसतो. तू पुढे, हातात कुऱ्हाडीचा दांडा, मागे गावातल्या पंधरा-वीस बाया, आणि तुझ्या पदराला धरून मी. नाल्याच्या काठी मडकी पुरलेली आहेत. तू पहिलं मडकं फोडतेस, आंबलेली मोहफुलं भळकन मातीवर सांडतात आणि मी मोठ्यानं म्हणते, "वास मस्त येऊन राह्यला वं माय!" साऱ्या बायांसमोर तू माझ्या थोबाडीत मारलीस. "वास तं मस्तच येते, पोट्टे! माणूस तेथूनच फसते," असं म्हणालीस. खरं सांगू? वास मस्तच होता. पिकलेल्या फळाचा, थोडा मधाचा, थोडा ओल्या मातीचा. तू मारलंस म्हणून तो वाईट झाला नाही. ज्या नाकासाठी मी मार खाल्ला त्याच नाकावर आज माझं घर चालतं, आणि मला त्याचा अभिमान आहे.

तुझा राग कुठून आला होता ते मला ठाऊक आहे. मामाकडून. तू अंगाखांद्यावर वाढवलेला तुझा धाकटा भाऊ राजूरच्या खाणीत लागला, आणि मग गावातलं देशीचं दुकान त्याला पचवून बसलं. तो दुकानासमोर उभा राहून कसा प्यायचा ते मी पाहिलं आहे. डोळे मिटायचा, श्वास रोखायचा, प्लास्टिकचा ग्लास एका दमात घशात ओतायचा, वर चिमूटभर मीठ चाटायचा आणि तोंड असं करायचा की कुणी एरंडेल पाजलं आहे. तो गेल्यावर तू दुकान बंद करायला बायांचं मतदान मागितलंस. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. महिनाभर तू घरोघरी ओरडत फिरलीस, "उभी बाटली पाडा! उभी बाटली पाडा!" बायांनी तुझं अगदी मनापासून ऐकलं. शिक्का घेतला आणि उभ्या बाटलीच्या टाळक्यात हाणला. पाडली म्हणे! बाहेर येऊन एकमेकींना टाळ्या देत होत्या, आणि संध्याकाळी दुकान जिंकलं. दुकानवाल्यानं बायांनाच पेढे वाटले. तू त्या रात्री जेवली नाहीस, आणि पुढे कधी तो विषय कुणी काढला तर उठून आत जायचीस.

आता माझी बिअर काय आहे ते ऐक. ऐकावंच लागेल, आता तुला उठून आत जाता येत नाही. ती हलकी आहे, नेहमीच्या बिअरच्या निम्मीसुद्धा कडक नाही. सातूला मोड आणून वाळवलेलं धान्य भरडायचं, गरम पाण्यात भिजवायचं, गाळायचं, उकळायचं, आणि त्यात हॉप्स घालायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं, कागदासारख्या पाकळ्यांची, आत पिवळी धूळ. तळहातावर चोळली की नागपुरी संत्र्याच्या सालीचा वास येतो, मागून कैरीचा, त्याच्या मागून नुकत्या कापलेल्या गवताचा. कडक बिअर कुणीही करतो गं. तिच्यात काही बिघडलं तर दारूचा जोर ते झाकून नेतो. हलकीत झाकायला काही नसतं. पाणी थोडं जास्त तापलेलं ठेवायचं, म्हणजे जंतूंना खाता न येणारी थोडी साखर मागे राहते आणि बिअर पाणचट लागत नाही. फुलं आच बंद केल्यावर घालायची, आणि पुन्हा थंड टाकीत, नाहीतर नुसता कडवटपणा उतरतो आणि वास उडून जातो. मोर्चाच्या दिवशी अख्ख्या गावच्या बायांना पुरावं म्हणून मूठभर तुरीच्या डाळीचं तू जे पातळ वरण करायचीस ना, ज्याला घट्ट वरणापेक्षा जास्त जीव लावावा लागायचा, ते काम आहे हे. माणूस एक ग्लास घेऊन तासभर बसतो, वास घेतो, बोलतो, आणखी एक घेतो आणि आपल्या पायानं घरी जातो. हे औषध आहे असं मी म्हणत नाही. पण सगळ्या बाटल्या सारख्या, हे तू म्हणायचीस ना, ते चूक आहे. साफ चूक आहे!

या उन्हाळ्यात मावशीचा फोन आला. तुझी ती मैत्रीण, मोर्चात ढोलकी वाजवणारी, आता कमरेत वाकली आहे, पण आवाज तोच. म्हणाली, "पुन्हा मतदान लागलं हाय बाई. तुह्यं नाव अजून इथल्या यादीत हाय. यादीतल्या निम्म्याहून जास्त बाया आडवीकडं पाह्यजेत, जे आली नाही थे दुकानाच्याच कामाची. येनं लागते." मी आले. मतदानाच्या आदल्या दिवशी समाजमंदिरात बाया जमल्या. मावशीनं कोळशानं फरशीवर दोन बाटल्या काढल्या आणि मला म्हणाली, शिकलेली आहेस, समजावून सांग. मी उभी राहिले तोच दारातून दुकानवाल्याचा पुतण्या मोबाइल नाचवत ओरडला, "इचारा यायले, पुण्याले काय करते थे! बिअर बनवते! अन् इथं आडवी बाटली मागून राह्यली!" मोबाइलमध्ये मी होते, टाकीपाशी, हातात ग्लास, दात काढून हसणारी.

साऱ्या बायांच्या माना माझ्याकडे वळल्या. तेव्हा मला एक गोष्ट लख्ख कळली, की मी नाही म्हटलं तर हे मतदान गेलं, आणि हो म्हटलं तरी बहुतेक गेलंच. तुझं राहिलेलं काम पुन्हा बुडणार होतं, आणि या वेळी माझ्यापायी. पण खोटं बोलायचं कशाला? मी काय चोरी केली होती? मावशीनं विचारलं, "खरं हाय का वं?"

"खरं हाय, मावशी."

"चढते?"

"एखाद-दोन गिलासात कायी नाही. लय पेली तं चढते."

"मंग कायले पेतेत?"

"चवीसाठी. वासासाठी. कडू रायते."

"कडूसाठी पैसे देतेत लोकं?" मावशी म्हणाली, आणि मागच्या बाया फिसकन हसल्या. "तुह्या मायनं तुह्यं तंगडं तोडलं असतं."

"तोडलं असतं," मी म्हटलं. "तरी मी बनवलीच असती. अन् मत आडवीलेच देल्लं असतं. त्या दुकानात कोनी चव घेऊन पेते का? नाक दाबून पेतेत. माह्या मामानं कधी डोये उघडे ठेवून घोट घेतला नाही. जे नाक दाबून घशाखाली ढकलावं लागते थे विकनं बंदच झालं पाह्यजे. हे मी बिअर बनवते म्हनूनच सांगून राह्यली."

मावशीनं हातातला कोळसा खाली ठेवला. मग पुतण्याकडे वळून म्हणाली, "झालं तुह्यं सांगून? जाय आता. आमाले शिक्का शिकाचा हाय." आणि मला म्हणाली, "दाखव बाई, कुठं माराचा."

मी आडव्या बाटलीवर अंगठा टेकवला. "पडली हाय तिच्यावर. उभीले हातच लावाचा नाही. तिले मारायलेबी नाही." एकेक बाई उठली, फरशीवर वाकली, कोळशाच्या आडव्या बाटलीवर अंगठा टेकवून गेली. सगळ्यांचे अंगठे काळे झाले. दुसऱ्या दिवशी भर उन्हात रांग लागली, बाळंतीण आली, काठी टेकत म्हाताऱ्या आल्या, आणि कुणीही उभ्या बाटलीला हाणलं नाही. संध्याकाळी निकाल लागला. दुकान बंद. मावशीनं इतक्या वर्षांनी ढोलकी गळ्यात अडकवली आणि मला मधोमध ओढून नाचवलं. बिअरवालीला! तू जिंकलीस, माय, आणि मीही जिंकले, आणि यातली एकही गोष्ट मी कुणाकडून मागून घेतलेली नाही.

आता एकच राहिलं. समाजमंदिरात साऱ्यांसमोर छाती काढून म्हटलं, की तू तंगडं तोडलं असतंस तरी मी बिअर बनवलीच असती. बाया हसल्या, मावशीनं मान डोलावली. ते खोटं होतं. तू असतीस तर मी नसती बनवली. वणीच्या एखाद्या डेअरीत दुधाचे नमुने तपासत बसले असते, आणि तुला दर रविवारी भेटायला आले असते. मला माझं काम फार आवडतं, माय, आणि ते मला तू गेलीस म्हणून मिळालं. हे तुझ्या डोळ्यांसमोर धरायची माझी हिंमत नाही, म्हणून हा कागद मी तुझ्या फोटोपाशीसुद्धा ठेवणार नाही.