जीप सुरू होईपर्यंत

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. वय झालं की आईबापांचं सगळं माफ करता येतं म्हणतात. माझे केस पिकले, नातवंडं झाली, आणि ते वर्ष मात्र अधिकच स्वच्छ दिसायला लागलं आहे.

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या लिलावातली मोडकी जीप तुम्ही मलकापूर स्टेशनावरून चार बैल जुंपून आपल्या गावी, मोताळ्याला, ओढत आणलीत. वेशीपाशी कुणीतरी ओरडलं, "भाऊ, ही चार बैलाची मोटर कोन्या कंपनीची हाय जी?" सगळे हसले, तुम्हीही हसलात. मी नागपूरच्या मिशनच्या सिस्टरांच्या निवासी शाळेतून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. जीपबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक इंग्रजीत होतं आणि घरात इंग्रजी येणारी मी एकटी. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही अंगणात जीपखाली आडवे, आणि मी पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली. मी वाचते, मराठीत सांगते, अडखळले की तुम्ही खालून पान्हा आपटता. "सिस्टरनं हेच शिकवलं का तुले?" आईच्या पितळी परातीत तुम्ही रॉकेल ओतून नटबोल्ट भिजत घालता. "अहो, कणकीची परात हाय ते!" "मंग घासून घे नं."

जून लागला, शाळा उघडली. मला ते ओळीने मांडलेले लोखंडी पलंग, खळ घातलेल्या चादरींचा वास, संध्याकाळची प्रार्थना, सगळं बोलावत होतं. आई म्हणाली, "पोरीले दमणीनं टेशनावर पोचवा आधी." तुम्ही म्हणालात, "माही पोरगी बैलाच्या मांगं नाई जानार. जीप सुरू झाली का मीच नेऊन सोडीन." खरं कारण मिस्त्रीचाचांनी ओळखलं. कापसाच्या जिनिंगची इंजिनं दुरुस्त करणारे ते, तुमच्या मदतीला येत. म्हणाले, "मालक, पोरीले जाऊ द्या. इंजिन मी कानानं ऐकतो, मले किताब नाई लागत." त्यांना तुम्ही उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलंत. जीप स्वतःच्याच हातांनी उभी करायची होती तुम्हाला, माझे डोळे वापरून. दिवाळीपर्यंत वापरलेत. ती सुरू झाली तेव्हा शाळेतली माझी जागा दुसऱ्या मुलीला गेली होती. पुढच्या वर्षी त्याच जीपमधून माझी पाठवणी केलीत, गावभर हॉर्न वाजवत. मी मागे बसून तुमच्या मानेकडे बघत होते. तितका द्वेष मी पुढे कुणाचाच केला नाही.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. जुलैत सिस्टरांचं पत्र आलं होतं, इंग्रजीत. तुम्ही ते माझ्याच हातात दिलंत. "काय म्हन्ते?" आठ दिवसांत मुलगी आली नाही तर जागा राहणार नाही, असं त्यात होतं. त्याच सकाळी जीपखालून तुम्ही पहिल्यांदा म्हणाला होतात, "तुह्याबिगर एवढं झालं नसतं वं." मी वाचून दाखवलं, "सवडीने पाठवा." मग आठ दिवस वाट पाहिली, तुम्ही ते पत्र पोस्टमास्तरांकडून पुन्हा वाचून घ्याल म्हणून. तुम्ही घेतलं नाहीत. माझ्यावर इतका विश्वास ठेवायला तुम्हाला सांगितलं होतं कुणी?