गुहेपुढची रांग

३१ जाने., शनि. आमगाव.
फुलवंताचा फोन. वीस वर्षं आम्ही दोघींनी एका शाळेत शिकवलं, आणि निवृत्तीनंतर आता कुठे तिनं तिच्या गोंड लोकांच्या जत्रेला बोलावलं. सालेकसाकडच्या डोंगरात, गुहेतला देव. "माह्या शब्दावर आणून राहिली तुले, बाई." नियम विचारून लिहून घेतले. चप्पल खाली, फोन बंद, देवापुढून आडवं जायचं नाही.

१ फेब्रु., रवि.
सगळे नियम पाळले. तरी घाण केली.
गुहेच्या तोंडाशी ही गर्दी. म्हाताऱ्या उन्हात, कोणी बघायला तयार नाही. राहवलं नाही. म्हाताऱ्या पुढे काढल्या, बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. लोक निमूट हललेही. दहा मिनिटांत सरळ रांग.
मग फुलवंताचा मोठा भाऊ आला. ती गर्दी नव्हतीच. सात देववाले, सहा देववाले, ज्या कुळाचे जितके देव तसे जथे करून आपापल्या निशाणामागे उभे होते. मी सगळी कुळं कालवली. तो ओरडला नाही. "बाई, हे तुमची शाळा नोहे." मागून एकीनं विचारलं, आता हजेरी घेता का. सगळ्या हसल्या.

२ फेब्रु., सोम.
स्वतःवरचा संताप जात नाही. माझी चूक, आणि काल सगळ्यांपुढे हात जोडून माफी मागितली फुलवंतानं. मी बाजूला गप्प. नोकरीची तीस वर्षं पोरांवर ओरडले, तेव्हा बरं तोंड चालत होतं!

५, गुरु.
तिला फोन. हे नियमात का सांगितलं नाहीस, असं ठणकावून विचारलं.
"तू रांग लावशीन हे माह्या सपनात तरी येईन का व? पाहुणी बनून गेली, अन् घरवाल्यायलेच हलवून राहिली."
फोन तिनंच ठेवला.

८, रवि.
तिच्या गावी गेले. भाऊ ओट्यावर बसलेला. उभ्यानंच माफी मागितली. तो म्हणाला, मला नको, पुढच्या माघातल्या जत्रेला येऊन देवाला मागा.
फुलवंता चहा घेऊन आली. "आणीन मी. पण मुकाट्यानं माह्यामागं उभी राहशीन? काही उलटंसुलटं दिसलं तरी?"
हो म्हणायचं होतं. तोंडून निघालं, "पण त्या म्हाताऱ्या उन्हात..."
भाऊ आत निघून गेला. चहा संपवला, बस धरली.
हो म्हटलंच नाही. म्हाताऱ्या उन्हात होत्या, हे काही खोटं नाही.