अरुणचं ‘हो’

रेडमंड,
४ मे २०२५

चि. सौ. सुमित्रास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. वेदांत पाकीट हातात घेऊन हसत होता. म्हणाला, आई, अख्ख्या अमेरिकेत आता तुम्ही नणंद-भावजयच तिकिटं चिकटवता. त्याला काय कळतंय. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी माझ्या मनाने भरून टाकते. शिवाय कानातलं यंत्र मध्येच शिट्टी मारतं. कागदाचं तसं नाही, तो दोनदा वाचता येतो.

पण परवाचा फोन मला शब्दन् शब्द ऐकू आला. जानेवारीत अरुणला अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून माझ्या भावाचा आवाज ऐकला नव्हता. मी विचारलं, जेवलास का? म्हणाला, हो. सुमित्रा नीट बघते ना तुझ्याकडे? म्हणाला, हो. (बघतच असशील, मी आपली गंमत केली.) मग विचारलं, येतोस ना माझ्याकडे, कायमचा? तर चांगल्या खणखणीत आवाजात हो म्हणाला. फोन ठेवल्याबरोबर मी देवापुढे साखर ठेवली.

तर आता लांबण लावू नकोस. आमच्याच इमारतीत तळमजल्यावरचं घर एक सप्टेंबरला रिकामं होतंय. एकही पायरी नाही, व्हीलचेअर थेट आत जाते. वेदांतने शब्द टाकून ठेवलाय, पंधरा ऑगस्टपर्यंत नक्की कळवायचंय. तुम्हांला मूल नाही, जवळचं असं त्या स्टेट कॉलेज गावात कुणी नाही. आई गेली तेव्हा अरुण सहा वर्षांचा होता. त्याची शाळा, त्याचं इंजिनिअरिंग, त्याची अमेरिका, सगळं मी ठरवलं. तुलाही मीच पसंत केलं आणि तो निर्णय चुकला नाही, एवढं तरी कबूल कर.

इथे अजून पाऊस आणि स्वेटर चालूच आहेत. तब्येतीला जप. माझी माया तुम्हां दोघांवर आहे तशीच आहे, ती आता शेजारी राहून करू दे.

तुझी वन्सं,
अहिल्या


स्टेट कॉलेज,
१ जून २०२५

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचा निर्णय चुकला नाही हे कबूल. तेहेतीस वर्षांनी कबूल करून घेतलंत.

आज एक निराळीच बातमी आहे. शेजारची रेणू आठवते का? नागपूरची, विद्यापीठात जनावरांच्या आहारावर संशोधन करते ती. शनिवारी ती इथल्या घोडागाडी क्लबात कामाला हात लावते. मागे लागली होती की काकू, काकांना घेऊन एकदा या, ट्राय तर करून बघा. मला वाटलं, ह्यांना नुसतं उन्हात बसवावं. गेलो, तर तिथे रॅम्प असलेली गाडी तयार. व्हीलचेअरसकट माणूस आत ढकलतात आणि चाकं जखडून टाकतात.

क्लबातली माणसं बघून मी थक्क झाले. मुख्य बाई डॉटी, तुमच्याच वयाची. एक पाय गुडघ्याखाली नाही. घोड्यावर बसणं सुटलं तेव्हा तिने गाडी धरली. दुसरा वॉल्ट, कॅम्पसच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. त्याचे हात सारखे कापतात. घोडीच्या पट्ट्याचं एक बक्कल लावायला त्याला पंधरा मिनिटं लागली. मी न राहवून पुढे झाले, तर डॉटीने मला हलकेच मागे ओढलं. क्लबाचा नियम आहे म्हणे, मागितल्याशिवाय मदत करायची नाही. वन्सं, ती पंधरा मिनिटं मला फार जड गेली.

आणि गंमत ऐका. डॉटी ह्यांच्या शेजारी बसली. लगामाची एक जोडी तिच्याकडे, एक ह्यांच्याकडे. गाडी हाकताना दोन्ही लगाम डाव्याच हातात धरायची जुनी रीत आहे, आणि ह्यांचा डावाच तर हात चालतो. गाडी सुटली. डॉटीने विचारलं, बरं वाटतंय ना? हे म्हणाले, हो. घोडी जागच्या जागी थांबली. डॉटीने तिला पुन्हा चालवली आणि विचारलं, फार हलत नाही ना? हे म्हणाले, हो. घोडी पुन्हा थांबली. असं चार वेळा झालं. मग रेणू हसत हसत ओरडली की अहो, हो म्हणजे यस! इथे घोड्याला थांबवायला माणसं हो म्हणूनच हाक देतात, हे आम्हां मराठी लोकांना कुठून माहीत असणार? हेझल हे त्या घोडीचं नाव. तिच्या लेखी हो म्हणजे थांब.

हेसुद्धा हसले. डाव्या बाजूने का होईना, पण हसले. आता दर शनिवारी जायचं ठरवलंय.

घराचं पुढच्या पत्रात लिहीन. वेदांतला आशीर्वाद. लोभात अंतर पडू देऊ नका.

तुमची,
सुमित्रा


रेडमंड,
१५ जून २०२५

चि. सौ. सुमित्रास,
अ. उ. आ.

घोडी वाचून मी पाणी प्यायले. झटका आलेल्या माणसाला घोड्याच्या मागे बांधून फिरवायचं, हे तुला कुणी सांगितलं? लहानपणी तो कोंबडीला भ्यायचा. शेपूट लागलं तर? लाथ मारली तर? वेदांत म्हणतो, आई, इट्स थेरपी. त्याला सगळंच थेरपी वाटतं.

बरं, हसला हे वाचून मात्र पत्र तीनदा वाचलं.

घराचं पुढच्या पत्रात कशाला? गेल्या रविवारी मी त्याला पुन्हा विचारलं, पुन्हा हो म्हणाला. आता दोनदा झालं. तो तयार आहे, मी तयार आहे, मग अडलंय कुणाचं? तुझ्या मनात काही असेल तर सरळ लिही. मी रागावेन आणि मग राग जाईल, हे तुला ठाऊकच आहे.

माझा जीव तिकडे लागलाय हे विसरू नकोस.

तुझी वन्सं,
अहिल्या


स्टेट कॉलेज,
२० जुलै २०२५

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. आता एकदाचं पाठवते. बसून वाचा.

ह्यांना ‘हो’ एवढा एकच शब्द येतो. डॉक्टरांनी फेब्रुवारीतच सांगितलं होतं. समजतं सगळं, पण बोलायला गेलं की तेवढंच बाहेर पडतं. पाणी हवं का, हो. पाणी नको का, हो. मी मुद्दाम विचारून पाहिलंय. तुमचं नाव विचारलं तरी हो. तुम्हांला मी नुसतं लिहिलं की बोलायला लागलेत. ते खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

तुम्ही रेडमंडचं विचारलंत आणि हे हो म्हणाले, तेव्हा मी शेजारीच होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मलाच ते हो हवं होतं. वन्सं, मी थकले आहे. रात्रंदिवस एका माणसाच्या मनातलं ओळखत बसायचं, आणि चुकलं तर त्याने नुसतं बघत राहायचं. वाटलं, तुम्ही निर्णय घ्या, मी सुटेन. ह्यांच्या तोंडच्या एका शब्दाआड मी लपले. माझी मलाच लाज वाटते.

मग आता का लिहिते? ते त्या घोडीमुळे. सात शनिवार झाले. लगाम धरल्यावर घोड्याला चालवायचं असेल तर हात पुढे सैल सोडायचा, थांबवायचं असेल तर पोटाशी आणायचा, एवढंच शिक्षण. ह्यांनी ते चटकन उचललं. गेल्या मंगळवारी जेवताना मी वाढत होते आणि हे हो हो म्हणत होते, म्हणून मी आणखी भात घातला. तेव्हा ह्यांनी डावा हात मुठीसकट पोटाशी ओढला. लगाम ओढावा तसा. मी भाताचा चमचा तसाच धरून उभी. मग आमटी पुढे केली, तर म्हणाले हो, आणि हात पुढे गेला. सहा महिन्यांनी मला कळलं की माझ्या नवऱ्याला भात नको आणि आमटी हवी. मी ओट्याशी जाऊन रडले. रडून झाल्यावर आमटी वाढली.

तेव्हापासून सगळं विचारते. खिडकी उघडू का, टीव्ही बंद करू का. तोंडाने हो, आणि हात सांगतो तेच खरं. हाताने ते ‘नको’ पुष्कळ वेळा म्हणतात, वन्सं. इतकं नको ह्यांच्यात होतं, हे मला माहीत नव्हतं.

रेडमंडचं मी अजून विचारलेलं नाही. उत्तर काय येईल याची भीती वाटते, दोन्हीकडून. आणि विचारायचा मान तुमचा आहे असं वाटलं.

रागवा, पण माझ्यावरची माया आटू देऊ नका.

तुमची अपराधी,
सुमित्रा


रेडमंड,
२६ जुलै २०२५

चि. सौ. सुमित्रास,
अ. उ. आ.

रागावले. दोन दिवस वेदांतशी बोलले नाही, त्याचा काही दोष नसताना.

तीन ऑगस्टला येते, आठ दिवस राहीन. मला विमानतळावर घ्यायला रेणूला पाठव, तू त्याला सोडून येऊ नकोस. आणि भात कमी लाव.

तुझी वन्सं,
अहिल्या


रेडमंड,
१४ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सुमित्रास,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तू दिलेल्या दशम्या विमानातच संपल्या, शेजारच्या बाईलाही आवडल्या.

त्या घोडीने माझी काय शोभा केली ते वेदांतला सांगितलं, तर तो जमिनीवर लोळायचा बाकी होता. त्या डॉटीने काहीबाही विचारावं, मला इंग्रजी अर्धं ऐकू यावं, मी आपली भिडेखातर हो, हो म्हणावं आणि हेझलने दर दहा पावलांवर थांबावं. शेवटी डॉटीने तोंडावर बोट ठेवून मला गप्प बसवलं. चौऱ्याहत्तर वर्षांत हे कुणाला जमलं नव्हतं. मग मात्र गप्प बसून मी त्याच्याकडे बघितलं. पाठ ताठ, लगाम डाव्या हातात, नजर घोडीच्या कानांमधून पुढे. वळणावर त्याने हात पोटाशी घेतला, हो म्हणाला, आणि एवढं मोठं जनावर त्याच्या शब्दावर उभं राहिलं. त्याचा तो शब्द मी किती महिने साखरेसारखा चघळत होते, आणि त्याचा अर्थ कळला तो त्या घोडीला.

शेवटच्या दिवशी क्लबात तू आणि डॉटी घोडीचं सामान आत ठेवायला गेलात. आम्ही दोघं बाहेर कुंपणाशी होतो, हेझल चरत होती. तू आल्यावर विचारलंस की वन्सं, डोळे का लाल झालेत. मी गवतावर ढकललं. खरं आता लिहिते, तोंडावर सांगणं मला जमलं नसतं.

मी त्याला विचारलं, अरुण, येतोस का माझ्याकडे, रेडमंडला? तो म्हणाला हो, आणि हात पोटाशी गेला. मी नीट बघितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा तसंच. मग विचारलं, मी येत जाऊ का तुझ्याकडे, वर्षातून दोनदा? हो म्हणाला, आणि हात पुढे. तेव्हा तळमजल्याचं घर नको म्हणून वेदांतने आज कळवून टाकलंय. तू त्याची खंत करू नकोस. आता थकलीस की मला तसं लिहायचं. मी तिकडे येईन, आणि तू आठ दिवस इथे येऊन नुसती झोप. हा माझा हुकूम नाही, मी विचारते आहे. तुझंही उत्तर हाताने दे.

घराचं उत्तर मिळाल्यावर खरं तर मी उठायला हवं होतं. पण एक प्रश्न माझ्या तोंडात आला, जो मी त्याला सबंध आयुष्यात विचारला नव्हता. शाळा बदलताना विचारला नाही, परदेशी धाडताना नाही, लग्न ठरवतानाही नाही. तो दर वेळी हो म्हणायचा, आणि माझं काम व्हायचं.

मी म्हटलं, “अरुण, मी तुझ्यावर फार जबरदस्ती केली का रे?”

तो म्हणाला, “हो.”

आणि हात पुढे केला. कोपर सरळ होईपर्यंत पुढे, मी कधीतरी विचारेन म्हणून थांबून राहिल्यासारखा. मी तो हात धरला. त्याने काढून घेतला नाही. तू येईपर्यंत आम्ही तसेच बसलो होतो.

त्याला माझे आशीर्वाद सांग आणि लोभ ठेवायला सांग. सांग म्हणजे, विचार.

तुझी,
अहिल्या