आरशातले ओठ

अहो,

जहाजावरून फोन करून तुम्ही एका वाक्यात निकाल लावलात, "पूर्ण हेल्मेटच घे, अर्ध्यात हनुवटी उघडी राहते." दुकानदारानंही तीच री ओढली. पण आपल्या लेकीला ऐकू येत नाही. मोटारसायकलवर मागे बसून ती आरशात माझे ओठ वाचते. "घट्ट धर, स्पीडब्रेकर आलाय," हे मी तोंड झाकून तिला कसं सांगायचं?

दुकानात दोन्ही हेल्मेटं कितीदा घातली आणि काढली. अर्ध्यात माझी उघडी हनुवटी बघून मीच ते घाईनं उतरवायचे. पूर्ण घातलं की लेकीचा चेहरा पडायचा. इकडे आड, तिकडे विहीर. दुकानदार जांभया द्यायला लागला, तेव्हा कुठे पूर्णच घेतलं, तिलाही आणि मलाही.

येताना पहिला स्पीडब्रेकर दिसला आणि सवयीनं मी आतल्या आत ओरडले. कोण बघणार होतं! पण तिचे हात आधीच माझ्या पोटाभोवती आवळले गेले होते.

घरी हेल्मेट काढून विचारलं, "तुला कसं गं कळलं?"

"तुझ्या ओठांच्या आधी तुझं पोट घाबरतं, आई," ती म्हणाली. "रोजच. शाळेपर्यंत सगळा रस्ता."

फोनवर तुम्ही विचारता, "एकटीनं गाडी चालवताना भीती नाही ना वाटत?" मी म्हणते, "छे, मी कुठली घाबरतेय!" तुम्ही लांब आहात, म्हणून तुमचा विश्वास बसतो. तो तसाच राहू दे. हे पत्र पाकिटात घालत नाही.

तुमचीच,
पूर्ण हेल्मेटवाली