आठ नंबरचा खण

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

माझे गुडघे कुरकुरतात, बाकी ठीक. वाईट बातमी आधीच सांगून टाकते. आमचं दुकान संपलं. सातही शाखांना कुलूप लागतंय. आमची पहिली, म्हणून सगळ्यांत शेवटी, तीस तारखेला. पडद्या-चादरींचा मजला रिकामा झालाय, सरकता जिना बंद पडलाय आणि गिऱ्हाइकं त्यावरून हाशहुश करत चढतात.

मोठ्या मालकांच्या वेळची माझ्या बुटांच्या काउंटरवरची कार्डं आठवतात ना? पोराला कार्डावर उभं करायचं, पावलाभोवती पेन्सिल फिरवायची, खाली नाव, माप, तारीख. दरवर्षी पाऊल किती वाढलं ते बघायला आया हौसेने यायच्या आणि जाताना सगळे मजले पालथे घालून जायच्या. दुकान त्यावरच मोठं झालं. मग छोट्या मालकांनी शाखांवर शाखा काढल्या, सगळी कार्डं आमच्या तळघरात आणली आणि नावं सोडून मापाच्या नंबरानं लावली. का, तर माल मागवायला सोपं! तेव्हापासून कुणाचं कार्ड म्हणून सापडेना. आया हिरमुसून गेल्या त्या गेल्याच. मी तेव्हा बोलले होते, पण माझं कोण ऐकतंय! आता सगळी रद्दीत जाणार.

वहिनीला नमस्कार. आठवण काढत जा, नाहीतर मी आहेच डोकं खायला.

तुझी,
ठकू

११ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीने माझ्या हातातून काढून घेतलं. अकरा वर्षांत तिने चिमीचं नाव काढलं नव्हतं, तुला माहीतच आहे. परवा जेवताना ताट बाजूला सारून म्हणाली, आपल्या चिमीचं पाऊल ठकूवन्संनी काढलं होतं. शाळेचे पहिले बूट घ्यायला आलो होतो तेव्हा. शाळा उघडायच्या आत पोर तापाने गेली.

फोटो आहेत गं, पण फोटोवर हात ठेवला तर काही लागत नाही, असं ती म्हणते. तिला ते पाऊल हवंय. बूट कपाटात आहेत, तळाला नऊ नंबर आहे. एवढं शोध, ठके. लहानपणी तुझ्या वाटचं सगळं हिसकावून घेतलं, आज मागतोय.

गुडघ्यांना जप आणि माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
दादा

२१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

नऊचा म्हणजे एक खण नाही रे, तीन कपाटं आहेत. रोज जेवणाची सुट्टी तिथेच. लिफ्टवाले काकाही चष्मा पुसून मदतीला बसतात, त्यांना आता दुसरं काम तरी काय! एकेक कार्ड वाचलं. चिमी नाही. शेजारच्या खोलीतली पोती काल रद्दीवाला घेऊन गेला, त्यात तर नसेल? मला वहिनीला तोंड दाखवायची लाज वाटतेय. तूच सांग तिला, मला जमणार नाही.

रागावू नका दोघंही.

ठकू

२४ मार्च

प्रिय ठकूवन्संस,
स. न. वि. वि.

ह्यांना न सांगता लिहितेय. तुम्ही माप घेऊन आठ म्हणाला होतात. नऊ मीच मागितले. वाढतं अंग आहे, पुढच्या वर्षीही होतील म्हटलं. तुम्ही कुरकुरलातही. आठच्या खणात बघा.

ते बूट घालून ती दोन दिवस घरभर फटाफट वाजवत फिरली. झिजतील म्हणून मी रागावले आणि काढून कपाटात ठेवले. रागावले हो मी तिच्यावर.

तुमच्याशिवाय कुणाला सांगू!

तुमची,
वहिनी

२९ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सापडलं. आठच्या दुसऱ्या कपाटात, खालून तिसरा खण. लिफ्टवाले काकांनी मोठ्याने नाव वाचलं आणि कार्ड माझ्या हातात दिलं. उद्या कुलूप. मला त्याचं काही वाटेनासं झालंय.

कार्ड सोबत आहे, दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलंय. करंगळीपाशी रेघ एकदम बाहेर गेलीय, ती चूक समजू नका. माझा हात चांगला स्थिर होता. पेन्सिल लागली की तिला गुदगुल्या व्हायच्या आणि पाय काढून घ्यायची. तीनदा धरला तरी हसतच होती. नवे बूट मिळणार म्हणून खूश होती, वहिनी. नंबर तिने विचारलासुद्धा नाही.

तुमचीच,
ठकू