मास्तरांच्या फाइलमधली चौदा पानं

३ मार्च, सोमवार
काल बायकोबरोबर आणखी एक सिनेमा पाहिला. मनोरुग्णालयातला सायकॉलॉजिकल थ्रिलर. दोन तास दहा मिनिटं पाण्यात. बाहेर विजा, आत लुकलुकणारी ट्यूबलाइट, कॉरिडॉरमध्ये आपोआप चालणारी व्हीलचेअर, हातात ट्रे धरून नुसती बघत राहणारी नर्स. आणि शेवटी काय, तर तपासाला आलेला इन्स्पेक्टर स्वतःच पेशंट! वा रे वा. म्हणे ट्विस्ट.

मी एकोणीस वर्षं मनोरुग्णालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये कारकून आहे. आमच्याकडे ट्यूबलाइट लुकलुकली तर तीन प्रतींत तक्रार द्यावी लागते. व्हीलचेअर दोघांनी ढकलली तरी हलत नाही. नर्सला बघत उभं राहायला वेळ असता तर माझ्या फाइल्स वेळेवर परत आल्या नसत्या?

बायको विसाव्या मिनिटाला म्हणाली की हा इन्स्पेक्टरच पेशंट निघणार बघा. मला अठराव्यालाच कळलं होतं. मी बोललो नाही इतकंच.

४ मार्च
पेपरात एका प्रकाशकाची जाहिरात. थरारक कादंबरी हवी आहे. पहिली पन्नास पानं ३१ मार्चपर्यंत. विषय: मनोरुग्णालय. म्हणजे जाहिरातीत माझं नाव घालायचं फक्त राहिलं.
संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. रोज पाच पानं. दहा दिवसांत काम फत्ते, उरलेले दिवस मुलाखतीच्या तयारीला.

५ मार्च, सकाळी ७.४०
गजर वाजला नाही. बायको म्हणते वाजला, आणि तो बंद करताना मी तिला गप्प बस म्हणालो. पुरावा नाही.

६ मार्च
घरात लेखन होत नाही. भिंती पातळ आहेत. यापुढे ऑफिसात लिहिणार. कोऱ्या केसपेपरच्या मागची बाजू उत्तम आहे, पेन सरकतं. आज सव्वादोन पानं झाली.

निवेदन प्रथमपुरुषी. मनोरुग्णालयातला कोणीतरी 'मी' एकेका डॉक्टरचा काटा काढतोय. वाचकाला वाटणार पेशंट. मग वाटणार डॉक्टर. आणि शेवटी? रेकॉर्ड रूमचा कारकून! ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, त्याच्याच हातात सगळ्यांची नाडी. अंगावर काटा आला. माझ्याच.

७ मार्च
वॉर्ड चारच्या मास्तरांना दोन पानं वाचून दाखवली. मास्तर दोन वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. बायको गेल्यावर जेवण सोडलं होतं, बोलणं सोडलं होतं. आता ठणठणीत. रेकॉर्ड रूमबाहेरच्या कुंड्यांना पाणी घालतात. पंधरा तारखेला डिस्चार्ज, मुलगी न्यायला येणार आहे. बोलतात ते तेवढंच: तिने गॅलरीतली खोली रंगवली, तिने टेबल घेतलं.

कथा ऐकून म्हणाले की वॉर्डचा दरवाजा तुम्ही आत उघडलाय, तो बाहेर उघडतो. मग म्हणाले की हा मनुष्य डॉक्टरांना का मारतोय? मी म्हटलं, तीच तर सायकॉलॉजी. मास्तर हं म्हणाले आणि झारी घेऊन गेले. सामान्य वाचकाची झेप तेवढीच असणार.

१० मार्च
चौदा पानं! शेवटचं वाक्य: 'तिसऱ्याचा निकाल लावला. कोणाला संशयसुद्धा नाही. आता मोठ्या मॅडमची पाळी.' लिहून पेन खाली ठेवतोय तोच हेडक्लार्क दारात. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या कागदावर. मागच्या वर्षीचा मेमो अजून ताजा आहे. समोर डिस्चार्जसाठी काढलेली मास्तरांची फाइल उघडी होती, पानं त्यात सरकवली.

तो गेल्यावर काढणार होतो, पण विचार केला, याहून सुरक्षित जागा कोणती? घरी जाणाऱ्याची फाइल कोण वाचतं? एकोणीस वर्षांत एकाही डॉक्टरने वाचलेली नाही. सही करतात, शिक्का बसतो, फाइल वरच्या फळीवर. तिथून सावकाश काढीन. याला म्हणतात अनुभव.

१२ मार्च
मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या रुग्णालयाच्या प्रमुख डॉक्टर, नव्या आहेत. दोनच महिने झाले. डिस्चार्जच्या सगळ्या फाइल्स त्यांनी केबिनमध्ये मागवल्या. सही करतील.

१३ मार्च
मॅडम फाइल्स वाचतात. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. ही काय पद्धत झाली?

१४ मार्च
घोळ झाला. पेशंटने लिहिलेलं, काढलेलं जे काही असेल ते त्याच्या फाइलला लावायचं, असा इथला नियम आहे. मीच लावतो. त्यामुळे मॅडमनी ती चौदा पानं मास्तरांचीच धरली. त्यांनी मास्तरांना बोलावून विचारलं, हे तुमचं का? आणि मास्तर म्हणाले, माझ्या फाइलमध्ये आहे ना, मग माझंच समजा.

डिस्चार्ज थांबवला. निरीक्षणाखाली ठेवा, असा शेरा. मुलीला कळवायचं काम ऑफिसने उद्यावर टाकलं.
आजच जाऊन सांगणार होतो, पण मॅडम मीटिंगमध्ये होत्या. असं सांगायला मूड बघावा लागतो.

१५ मार्च
मुलीला कोणी कळवलंच नव्हतं. आली. हातात रिकामी बॅग, मास्तरांचे कपडे भरायला. दुसऱ्या पिशवीत नव्या चपला. मॅडमच्या केबिनमधून बाहेर आली तेव्हा बॅग रिकामीच होती. चपला तेवढ्या वॉर्डात देऊन गेली. रेकॉर्ड रूमच्या खिडकीतून गेट दिसतं, म्हणून हे सगळं मला बघावं लागलं.
फार वाईट वाटलं. दुपारचा डबा तसाच परत आणला. संध्याकाळी घरी खाल्ला, टाकवत नाही म्हणून.

१७ मार्च
तीन दिवस विचार करून एक गोष्ट लक्षात आली. मास्तरांनी माझं श्रेय सरळ सरळ लाटलं! 'माझंच समजा.' म्हणजे काय? साहित्यचोरीच ही. अर्थात माणूस आहे, मोह होणारच. असं आपण लिहावं असं कोणाला वाटणार नाही?
शिवाय मॅडमसारख्या तज्ज्ञ बाईला ते खऱ्या खुन्याच्या मनातलं वाटलं, ही केवढी पावती! प्रकाशकाला पत्र लिहिताना हे घालावं का? नको, आत्मस्तुती होईल. ओझरतं घालीन.

१९ मार्च
संकल्प: उद्या सकाळी दहाला मॅडमकडे जाणे. सरळ सांगणे. मेमो आला तर आला.

२० मार्च
दहाला गेलो. बाहेर दोन माणसं होती. अकराला गेलो, एक होता. बाराला कोणी नव्हतं, पण बाराला भुकेची वेळ, माणूस चिडका असतो. अडीचला गेलो तर मॅडमच वर बघून म्हणाल्या, काय हवंय? पंखा आवाज करतोय का ते बघायला आलो, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, नाही. मग आलो.

येताना मास्तर दिसले. निरीक्षणाखाली असल्यामुळे कुंड्यांचं काम बंद, वॉर्डाच्या जाळीतून झाडांकडे बघत होते. जुन्याच चपला पायात. मी नजर चुकवली. ते नमस्कार म्हणाले.

२१ मार्च
बायकोला सगळं सांगितलं. म्हणजे सिनेमाची गोष्ट म्हणून सांगितलं. असा असा एक कारकून, त्याची पानं, असे असे एक मास्तर. तिने विचारलं की मग तो कारकून बोलत का नाही? मी म्हटलं, त्याच्या मनात प्रचंड द्वंद्व चाललंय. ती म्हणाली, कसलं द्वंद्व, शेपूट घातलंय मेल्याने. आणि त्या बिचाऱ्या मुलीने बापासाठी खोली आवरून ठेवलेली असणार.
तिला खोलीचं मी सांगितलंच नव्हतं. अशा गोष्टी बायकांना बरोबर कळतात, आणि मग जेवण जात नाही. आज खरंच गेलं नाही.

२४ मार्च, सोमवार
ठरलं. कबुली लेखी देणार. तोंडी बोलण्यात माझा प्रभाव पडत नाही. आजपासून तीन दिवस आजारपणाची रजा टाकली. कबुली म्हणजे काय पाच मिनिटांचं काम, पण करायचं तर नीट करावं.

२५ मार्च
अकरा पानं झाली. सुरुवातीला वातावरणनिर्मिती. लेखक कोण हे मॅडमना नवव्या पानापर्यंत कळू द्यायचं नाही. नवव्यावर एकदम पडदा दूर! वाचताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

२६ मार्च
दहावं पान पुन्हा लिहिलं. पश्चात्ताप जरा कमी केला, भडक वाटत होता.

२८ मार्च
काल पावणेदहालाच मॅडमच्या केबिनमध्ये गेलो. पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, मॅडम, हे वाचा, तुम्हाला धक्का बसेल. त्यांनी पाकीट उघडलंच नाही. म्हणाल्या, ती चौदा पानं तुमची आहेत, हेच ना?

मास्तरांची मुलगी परवा पुन्हा आली होती. वडिलांची जुनी पत्रं घेऊन. हे अक्षर माझ्या बाबांचं नाही, म्हणाली, आणि पत्रं टेबलावर पसरली. मॅडमनी चौदा पानं शेजारी ठेवली. मग फाइलच्या कव्हरवरचं नाव पाहिलं. मग कपाटातल्या इतर फाइल्सची कव्हरं. एकोणीस वर्षं सगळी नावं माझ्याच अक्षरात आहेत. मास्तर परवाच दुपारी घरी गेले, नव्या चपला घालून. मी तेव्हा घरी बसून दहावं पान सुधारत होतो.

मॅडम म्हणाल्या की मास्तरांना पहिल्याच दिवसापासून माहीत होतं. परवा मॅडमनी मास्तरांना विचारलं, मग बोलला का नाहीत? तर म्हणाले, कारकुनाची नोकरी जाईल. शाळेत तीस वर्षांत वर्गातल्या एकाही मुलाचं नाव हेडमास्तरांना सांगितलं नाही, आता कशाला सांगू. आणि तो स्वतःच येऊन सांगेल, म्हणाले. वाट बघू.

वाट बघू. अकरा दिवस वाट बघत होते. आणि मी त्यांना चोर म्हटलं. इथेच, १७ तारखेला, ठसठशीत अक्षरात.

मग मॅडमनी विचारलं की या अकरा दिवसांत तुम्ही काय केलंत? लिहीत होतो, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता निदान होणार. खरं सांगतो, मनातून थोडं बरंही वाटलं. काहीतरी नाव असेल, लॅटिनमध्ये असेल. मी हळूच विचारलं, मॅडम, हा काही आजार असेल का? त्या म्हणाल्या, नाही हो. आजार असता तर औषध दिलं असतं. हा स्वभाव आहे.

पाकीट न उघडता परत दिलं.

२९ मार्च
मेमो. शिवाय रेकॉर्ड रूममधून बदली. आता गेटवर, नातेवाइकांना भेटीचे पास देण्याच्या खिडकीत. फाइलला हात लावायचा नाही, असं लेखी आहे. माझ्या जागी टायपिस्ट बाई. तिचं अक्षर वाईट आहे.

३१ मार्च, सोमवार
प्रकाशकाची शेवटची तारीख. काही पाठवलं नाही. चौदा पानं पुन्हा वाचली. दरवाजा अजून आत उघडतोय. आणि तो मनुष्य डॉक्टरांना का मारतोय हे मलाही माहीत नाही.

मास्तरांना पत्र लिहायला बसलो. वातावरणनिर्मिती नाही. 'तुमचे अकरा दिवस मी वाया घालवले' असं लिहिलं. ते रजेच्या अर्जातलं वाटलं, खोडलं. 'चोरले' लिहिलं. ते राहू दिलं. खाली सही केली. सगळी मिळून एक ओळ झाली, आणि तिला दुपार गेली.

पाकिटावर घालायला पत्ता नाही. तो फाइलमध्ये आहे. टायपिस्ट बाईंकडे गेलो तर त्यांनी छापील अर्ज पुढे केला. हा अर्ज मीच तयार केला होता, बारा वर्षांपूर्वी. नाव भरलं, हुद्दा भरला. 'माहिती कशासाठी हवी' याच्यापुढे दोन ओळी सोडलेल्या आहेत. बाई म्हणाल्या, सावकाश भरा, मी पाचपर्यंत आहे.
पाच वाजून गेले.