एका पोरीची परीक्षा

बाबा,

तुमची शाळा होती तिथे आता काहीच नाही. परवा आसेगावला लग्नाला गेले होते, तिथून नातवाने आपल्या गावात नेऊन आणलं. मारुतीच्या पाराला लागून मोकळी जागा आहे, कुणाची तरी म्हैस बांधलेली होती. वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण वाटलं नाही. ऊन फार होतं. मी पाणी प्यायले आणि आम्ही परत आलो. घरी आल्यावर मात्र तुमच्याशी बोलावंसं वाटायला लागलं.

एकच खोली. मातीच्या भिंती, वर कवेलू, खाली शेणाने सारवलेली जमीन. चारही इयत्ता तिथेच. पहिलीची पोरं धुळीत अक्षरं गिरवतात, दुसरीची पाढे ओरडतात, तिसरीकडे चौथीवाले बघतात, आणि तुम्ही दारात उभे. महारवाड्यातल्या पोरांना गाव आत बसू देत नसे, ती बाहेर ओट्यावर बसायची, आणि दारात उभं राहिलं की आत-बाहेर दोन्हीकडे ऐकू जातं. दारात उभ्या राहणाऱ्या मास्तरवर कोण काय हरकत घेणार? पोरींमध्ये मी एकटी, तीही मास्तरची म्हणून. एकदा शाळेत तोंडातून 'बाबा' निघालं तर तुम्ही दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही. संध्याकाळी चुलीपाशी आई म्हणाली, "लेकरू हाय ते." तुम्ही भाकर मोडत राहिलात. घरी आणि शाळेत दोन वेगळी माणसं असायची तुम्ही. मला शाळेतलं जास्त आवडायचं.

मी तिसरीत असताना देवी टोचणारा आला, बैलांच्या दमणीत बसून, डोक्याला फेटा, मांडीवर पेटी. गावात शिरला की बाया पोरं घेऊन वावरात पळायच्या, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो थेट तुमच्याकडे आला. तुम्ही थोडा वेळ विचार केलात आणि बाहेर जाऊन निंबाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजवलात. घंटा झाली म्हणजे शाळा भरली. पोरं धावत आली, ओट्यावरचीही आली. तुम्ही दार लावून घेतलं. पहिली मीच पुढे झाले, तुम्हीच केलंत. दंड सुजले, पोरं तापली, आणि तिसऱ्या दिवशी बाया आपल्या अंगणात उभ्या राहिल्या. एकजण म्हणाली, "मास्तर, तुमी घंटा वाजवली अन् आमच्या पोरायले त्याच्या हाती देल्लं. आमी घंटेवर भरोसा केला होता." तुम्ही म्हणालात, "भल्यासाठीच केलं, बाई." ती म्हणाली, "मंग सांगून काहून नाई केलं?" याचं उत्तर आजही मला सुचत नाही. सांगितलं असतं तर एकही पोर आलं नसतं.

हळूहळू पोरं परत आली. मी चौथीत गेले. चौथीची परीक्षा शाळा तपासणारे डिपोटी साहेब घेणार, ते पास म्हणाले तरच पास. तुम्ही मला पहाटे उठवून औटकी म्हणायला लावायचात. साडेतीनचा पाढा कोणत्या बाईला कधी लागला असेल? पण मला ती परीक्षा हवी होती. गावात चौथी पास झालेली बाई नव्हती, आणि मला ती व्हायचं होतं. एवढी हाव मला पुढे कशाचीच सुटली नाही.

साहेब आले ते हुरड्याच्या दिवसांत, निरोप न देता, दुपारच्या सुट्टीत. आणि त्या टोचणाऱ्यासारखेच दमणीत बसून, डोक्याला फेटा. तुम्ही घाईघाईने घंटा वाजवलीत. मी दारातून पाहत होते. शिवारातली ज्वारी हलली, आईबापांनी पोरांना हाताला धरून आत ओढलं, आणि मग ज्वारी हलायची थांबली. तुम्ही वाजवत राहिलात. साहेब खुर्चीवर बसून वाट पाहत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, पोरं कुठे आहेत?" तुम्ही माझ्याकडे बोट दाखवलंत. "ही चौथीत आहे, साहेब. हिची तरी परीक्षा घ्या." तुम्हाला कुणाकडे काही मागताना मी तेवढं एकदाच ऐकलं. साहेब वाईट नव्हते, माझ्याकडे पाहून हसले. "एका पोरीची काय परीक्षा घ्यायची?" म्हणाले, आणि दिवस मावळायच्या आत मंगरूळ गाठायचं म्हणून दमणीत बसले. तुम्ही खरं कारण सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर कोतवाल पोरांना ओढून आणायला गेला असता.

पोरं नाहीत म्हणून सरकारने शाळा बंद केली आणि तुमची बदली झाली. त्या उन्हाळ्यात देवी आल्या. पाळण्यातली काही गेली, टोचलेली सगळी राहिली. तीच बाई सूपभर कुरडया घेऊन आली आणि आईला म्हणाली, "मास्तरले सांगजा, आमचं पोट्टं वाचलं." तुम्ही शनिवारी आलात तेव्हा आईने सांगितलं. तुम्ही पाय धुतले आणि म्हणालात, "कुरडया तळा." मी तळल्या. पुढच्याच वर्षी माझं लग्न झालं.

पण साहेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशीचं कुणालाच माहीत नाही. खोली रिकामी, पोरं अजून घाबरलेली. तुम्ही दार उघडलंत, साहेबांच्या खुर्चीवर बसलात, कोटाची गुंडी लावलीत आणि मला समोर उभं केलंत. वाचन घेतलंत, शुद्धलेखन घेतलंत, वऱ्हाडातल्या नद्या विचारल्यात. माझ्याशी 'अहो बाई' म्हणून बोललात, मला हसू आलं नाही. मग औटकी. तेरावर मी अडकले. "साडेचव्वेचाळीस," मी म्हणाले. तुम्ही खिडकीबाहेर पाहत होतात. थोड्या वेळाने म्हणालात, "पास."

मी सगळ्यांना चौथी पास सांगत आले. सासरी, खानेसुमारीच्या माणसाला, नातवंडांना. ते साडेपंचेचाळीस आहेत, बाबा. तोंडातून निघालं तेव्हाच मला कळलं होतं. तुमचं लक्ष नव्हतं, की तुम्ही तसंच जाऊ दिलंत, एवढंच विचारायचं होतं. तुम्ही होतात तोवर विचारलं नाही, कारण तुम्ही खरं सांगितलं असतंत.